दरी-दर्शनाचे नियोजन : यात्रेकडून पर्यटनाकडे
(सहस्रकुंड आणि रामलिंग घाट यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

निसर्गरम्य दरी, धबधबा किंवा अरण्य पाहण्यासाठी जाणे ही आज सर्वसामान्य गोष्ट झाली आहे. अशा प्रवासाच्या नियोजनात वाहन, अंतर, खर्च आणि सुटीचा दिवस एवढ्याच बाबींचा विचार बहुधा केला जातो. हे नियोजन नेहमीच इतके सोपे नव्हते. दरीत कोणी जावे, केव्हा जावे, कोठे मुक्काम करावा आणि तेथे कसे वागावे, याचे संकेत प्रत्येक काळात निरनिराळे होते. हे संकेत कसे बदलले याचा इतिहास हा त्या प्रदेशातील सत्ता, दळणवळण, वनधोरण आणि श्रद्धा यांचाही इतिहास ठरतो.

महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली ही सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. यांपैकी ताडोबा हे सर्वांत जुने (१९५५), तर चांदोलीला हा दर्जा २००४ मध्ये मिळाला. मराठवाड्यात मात्र एकही राष्ट्रीय उद्यान नाही. नांदेड आणि लातूर येथील रहिवाशांना डोंगरदरीचे संरक्षित अरण्य पाहावयाचे झाल्यास दोन स्थळे जवळ पडतात. नांदेडकरांना पैनगंगेचे खोरे व त्यातील सहस्रकुंड धबधबा, तर लातूरकरांना बालाघाटातील येडशी येथील रामलिंग घाट. रामलिंग घाट हा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात असला, तरी लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर असल्यामुळे लातूर परिसराचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्शनस्थळ आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन दऱ्यांच्या आधारे दरी-दर्शनाच्या नियोजनात झालेल्या स्थित्यंतराचा विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पारंपरिक यात्रेमागील नियोजनाचे घटक स्पष्ट करणे.
२) राज्यसीमा, रेल्वे आणि वनकायदे यांमुळे या घटकांत झालेले बदल तपासणे.
३) या इतिहासाच्या प्रकाशात महाविद्यालयीन अभ्याससहलीच्या नियोजनाचा विचार करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून काळ, वाट, मुक्काम आणि मान्यता हे नियोजनाचे चार घटक विश्लेषणाची चौकट म्हणून स्वीकारले आहेत.

१. दोन दऱ्यांचा परिचय

पैनगंगा ही अजिंठ्याच्या डोंगररांगांत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते व आग्नेयेकडे वाहत पुढे वर्धा नदीला मिळते. तिच्या प्रवाहाने दीर्घ अंतरापर्यंत मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा आखली आहे. किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ ही नदी काळ्या बेसाल्ट खडकाच्या कड्यावरून अनेक धारांनी खाली कोसळते. हाच सहस्रकुंड धबधबा होय. नदीचा दक्षिण काठ नांदेड जिल्ह्यात, तर उत्तर काठ यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात आहे. धबधब्याची उंची फार मोठी नाही. परंतु पावसाळ्यात पात्राच्या संपूर्ण रुंदीने पडणारे पाणी आणि खाली अरुंद घळईत शिरणारा प्रवाह यांमुळे त्याला विलक्षण रौद्रता प्राप्त होते. याच खोऱ्यात पैनगंगा अभयारण्य, उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे आणि माहूरचा डोंगर आहे.

रामलिंग घाट हा बालाघाटाच्या पठाराला पडलेल्या खोल दरीत वसला आहे. वरच्या सपाटीवरून पायऱ्या उतरून मंदिरापर्यंत जावे लागते. पावसाळ्यात येथील ओढा कड्यावरून कोसळतो आणि एरवी कोरड्या भासणाऱ्या परिसरात दाट हिरवाई दिसते. हा परिसर येडशी रामलिंग घाट अभयारण्यात समाविष्ट आहे. लातूर हा राज्यातील अत्यल्प वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने जवळच्या या छोट्या अरण्याचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळापेक्षा कितीतरी अधिक आहे.

दोन्ही स्थळांच्या लोककथांतील साम्य लक्षणीय आहे. सहस्रकुंडाचा संबंध परशुरामाच्या बाणाशी जोडला जातो. रामलिंग येथे रावणाशी झुंजून घायाळ झालेल्या जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी श्रद्धा आहे. जटायूचे स्मारकही तेथे दाखविले जाते. अवर्षणप्रवण पठारावर दरी ही प्रथम पाण्याची जागा होती. तिचे सौंदर्य हा नंतरचा विचार होता, हेच या कथा सुचवितात.

२. भय, डावपेच आणि श्रद्धा

मध्ययुगात दरीकडे पाहण्याची दृष्टी आजच्या पर्यटकाची नव्हती. दरी हा प्रवासातील धोका होता आणि युद्धातील डावपेचाचे साधनही होता. अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात माहूरच्या डोंगरी किल्ल्याची आणि तेथील देवीच्या मंदिराची नोंद आहे. म्हणजेच या खोऱ्याचे लष्करी व धार्मिक महत्त्व मोगल प्रशासनालाही परिचित होते. माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई ऊर्फ रायबागन ही मोगलांच्या बाजूने कारतलबखानाच्या मोहिमेत सहभागी झाली होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ही फौज सह्याद्रीतील उंबरखिंडीत कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा सल्ला तिनेच खानाला दिला, असे शिवभारतात वर्णिले आहे. अरुंद खिंडीत पाणी व वाट यांवाचून अडकलेल्या सैन्याचे काय होते, हे माहूरच्या डोंगराळ मुलखातील या स्त्रीने खानाआधी ओळखले, असे म्हणावयास जागा आहे.

अशा दुर्गम भागात सामान्य माणूस जात असे तो श्रद्धेमुळे. माहूर हे रेणुकेचे पीठ आहे, दत्तसंप्रदायाचे स्थान आहे आणि महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय प्रभूंचे स्थानही आहे. दत्तात्रेय काशीत स्नान, कोल्हापुरात भिक्षा आणि माहुरात निद्रा करतात, ही लोकश्रद्धा प्रसिद्ध आहे. या श्रद्धेत माहूरच्या वाट्याला निद्रा, म्हणजे मुक्काम आला आहे. माहूरला जाऊन त्याच दिवशी परतणे हे जुन्या यात्रेकरूच्या कल्पनेत बसणारे नव्हते.

प्रवासाची स्थळे काटेकोरपणे नोंदविण्याची परंपराही मराठीत प्राचीन आहे. महानुभावांची स्थानपोथी हा चौदाव्या शतकातील ग्रंथ चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची गावे, देवळे व त्यांच्या दिशा यांची नोंद करतो. पुढील भक्तांना ती स्थाने शोधता यावीत व त्यांचे वंदन करता यावे, असा त्यामागील हेतू होता. ‘कोठे जावे आणि तेथे काय पाहावे’ या प्रश्नाचे लिखित उत्तर देण्याची पद्धत आधुनिक मार्गदर्शिकांच्या कित्येक शतके आधी या भूमीत रुजली होती.

३. यात्रेच्या नियोजनाचे घटक

पारंपरिक यात्रेत काळ, वाट, मुक्काम आणि मान्यता हे चारही घटक एकमेकांत गुंतलेले होते. काळ पंचांगाने ठरविलेला असे. माहूरला नवरात्र व दत्तजयंती, तर रामलिंगला श्रावणातील सोमवार हे गर्दीचे दिवस होते व आजही आहेत. यांतील श्रावण हा दरीत पाणी वाहते असण्याचा काळ. नवरात्रापर्यंत नद्यांचा पूर ओसरलेला असतो. मार्गशीर्षात रब्बीची पेरणी आटोपून शेतकऱ्याला उसंत मिळालेली असते. धार्मिक तिथी आणि ऋतुमान यांची ही सांगड शेतकरी समाजाच्या सोयीची होती. वर्षातील उरलेल्या दिवसांत दरीतील वर्दळ आपोआप मर्यादित राहत असे.

वाट पायी किंवा बैलगाडीची असल्यामुळे ती टप्प्याटप्प्यांत विभागली जाई. प्रत्येक टप्प्यावर पाणी, चारा आणि निवारा लागे. त्यामुळे वाटेवरील गावांशी यात्रेकरूचा संबंध येई. मुक्कामासाठी मठ, धर्मशाळा आणि देवस्थानच्या ओवऱ्या होत्या. मान्यता ही शासनाची नव्हे तर समाजाची होती. व्रत, सोवळे, अनवाणी चालणे, देवराईतील फांदी न तोडणे अशा संकेतांनी वर्तन नियंत्रित होत असे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. याच संकेतांनी अनेक जातींना मंदिराच्या आत प्रवेश नाकारला आणि स्त्रियांच्या वावरावर बंधने घातली. यात्रांच्या गर्दीत पटकीसारख्या साथी पसरत, हेही इतिहासाने नोंदविले आहे. तथापि दरीत जाणाऱ्या प्रत्येकावर काही बंधन असते, ही जाणीव या व्यवस्थेने समाजमनात रुजविली होती.

४. सीमा आणि रेल्वे

एकोणिसाव्या शतकात पैनगंगेला नवे राजकीय महत्त्व प्राप्त झाले. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा ही ब्रिटिश प्रशासनाखालील वऱ्हाड व निजामाचे हैदराबाद संस्थान यांमधील सीमा बनली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला. एकाच धबधब्याच्या दोन काठांवर दोन राजवटी, दोन चलने आणि दोन वनखाती नांदू लागली. भारतीय संघराज्यात हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर (१९४८) आणि राज्यपुनर्रचनेनंतर ही स्थिती बदलली. १९५६ पूर्वी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, तर इस्लापूर मंडळ त्याच जिल्ह्यातील बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले व पुढे नांदेड जिल्ह्याचा भाग बनले. सहस्रकुंड हे ‘नांदेडचे’ पर्यटनस्थळ होण्याचा इतिहास असा अवघ्या काही दशकांचा आहे.

सीमेने जे विभागले ते रेल्वेने काही अंशी जोडले. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ७६२ मिलिमीटर रुंदीची अरुंदमापी रेल्वे होती. बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज या मार्गाने जोडले गेले. ब्रिटिश मुलखातील बार्शीहून निजामाच्या लातूरपर्यंत जाणारी ही गाडी येडशीवरून जात असे. कापूस आणि धान्य यांच्या व्यापारासाठी लातूरला तिचा उपयोग झाला, तसाच पंढरपूर आणि रामलिंग येथे जाणाऱ्या भाविकांनाही झाला. १९५४ मध्ये ही खासगी रेल्वे शासनाच्या ताब्यात आली. २००७ व २००८ या वर्षांत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंदमापी झाला व नव्या आखणीत धाराशिव शहर त्यावर आले.

नांदेडच्या बाजूला मुदखेड-आदिलाबाद या मीटरमापी मार्गाने तेच कार्य केले. भोकर, हिमायतनगर व किनवट यांच्याबरोबर सहस्रकुंड नावाचे स्थानकही या मार्गावर आहे. धबधब्याचे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात येणे ही ऐतिहासिकदृष्ट्या अर्थपूर्ण घटना आहे. पूर्वी पंचांग पाहून निघणारा प्रवासी आता गाडीची वेळ पाहून निघू लागला. पुढे डांबरी रस्ते, राज्य परिवहनाची बस आणि खासगी वाहने आली. नांदेडपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील सहस्रकुंड आणि लातूरपासून साठ किलोमीटरच्या आतील रामलिंग ही एका दिवसात आटोपण्याची स्थळे झाली. वाट सोपी झाली. पण मुक्काम नाहीसा झाला आणि त्याबरोबर वाटेवरील गावांशी असलेला व्यवहारही आटला.

५. अरण्यातील रहिवासी

दरी-दर्शनाच्या इतिहासात प्रवाशांइतकेच महत्त्व तेथे आधीपासून राहणाऱ्यांना आहे. किनवट-माहूर परिसर हा गोंड, कोलाम, आंध, प्रधान इत्यादी आदिवासी समाजांचा प्रदेश आहे. यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता पावलेल्या तीन जमातींपैकी एक होय. निजामाच्या राजवटीत सागाची वने राखीव करताना फिरती शेती व चराई यांवर निर्बंध आले. त्या वेळी किनवट ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यात कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी संघर्ष केला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांना वीरमरण आले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांच्याकडून या जमातींचा अभ्यास करवून घेतला. वनांच्या आरक्षणामुळे आदिवासींची वसतिस्थाने व शेतजमिनी कशा हिरावल्या गेल्या, याची नोंद त्यांच्या लेखनात आढळते.

हा अनुभव केवळ मराठवाड्याचा नाही. अमेरिकेत १८६४ मध्ये योसेमिटी दरी लोकांच्या विहारासाठी राखून ठेवण्यात आली आणि १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. दोन्ही ठिकाणच्या मूळ रहिवाशांना कालांतराने तेथून दूर व्हावे लागले. ‘मनुष्यविरहित निसर्ग’ ही कल्पना अनेकदा माणसे हलवूनच साकार झाली आहे. भारतात १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली (आजचे कॉर्बेट) राष्ट्रीय उद्यानापासून हीच संकल्पना स्वीकारली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा ऐतिहासिक अन्यायाची दखल घेतली. म्हणून पैनगंगेच्या खोऱ्यात जाणाऱ्या अभ्यासकाने धबधब्याबरोबरच तेथील पाडे, बाजार आणि वनहक्कांचा प्रश्न हाही दर्शनाचा भाग मानला पाहिजे.

६. कायद्यातील पर्यटक आणि यात्रेकरू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या स्थित्यंतरातील निर्णायक टप्पा होय. या कायद्याने अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान असे संरक्षित क्षेत्रांचे प्रमुख प्रकार निश्चित केले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे आणि स्थानिकांचे हक्क संपुष्टात आणल्यानंतरच अंतिम घोषणा होऊ शकते. अभयारण्यात मात्र काही हक्क चालू ठेवण्याची तरतूद आहे. मराठवाड्याला राष्ट्रीय उद्यान नाही, याची खंत अनेकदा व्यक्त केली जाते. परंतु चराई, जळण आणि देवस्थान यांच्याशी शतकानुशतके जोडलेल्या दऱ्यांसाठी अभयारण्य हा दर्जा अधिक मानवी ठरतो, हा मुद्दा त्या खंतेत दुर्लक्षित राहतो.

याच कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या प्रयोजनांसाठी देता येतो, हे सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तेथे राहणाऱ्यांशी वैध व्यवहार ही ती प्रयोजने होत. यांत पर्यटनाचा स्पष्ट उल्लेख आहे. यात्रेचा स्वतंत्र उल्लेख नाही. रामलिंगच्या दरीत शतकानुशतके येणारा भाविक कायद्याच्या परिभाषेत जणू पर्यटक बनला. हा बदल केवळ शब्दाचा नाही. यात्रेकरूवर व्रताचे आणि समाजाचे बंधन होते. पर्यटकावर तिकिटाचे आणि नियमफलकाचे बंधन आहे. पहिले बंधन सैल झाले आणि दुसरे अद्याप अंगवळणी पडलेले नाही. माकडांना खाऊ घालणे, प्लास्टिक टाकणे, ध्वनिवर्धक लावणे यांसारखे प्रश्न या दोन बंधनांमधील पोकळीत निर्माण झाले आहेत.

७. पाण्याचे बदललेले वेळापत्रक

दरी-दर्शनाचा काळ आता केवळ पावसावर अवलंबून नाही. पैनगंगेवर वरच्या बाजूस ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण आहे. धरण भरेपर्यंत नदीचा प्रवाह रोखला जातो आणि भरल्यानंतर दरवाजांतून विसर्ग केला जातो. परिणामी सहस्रकुंडावर पाऊस नसतानाही अकस्मात पाणी वाढू शकते आणि चांगला पाऊस होऊनही धार बारीक राहू शकते. नदीच्या खालच्या भागात निम्न पैनगंगा प्रकल्पाचा प्रश्न अनेक दशकांपासून चर्चेत आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्र व तत्कालीन आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या करारात या प्रकल्पाचा समावेश होता. सिंचनाची गरज आणि संभाव्य बुडीत क्षेत्रातील गावांचा विरोध असा हा दुहेरी प्रश्न आहे.

लातूरच्या बाजूने पाहता हा विषय अधिक तीव्रतेने जाणवतो. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईमुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मिरज-लातूर लोहमार्गाने एकेकाळी भाविक आणि कापूस यांची ने-आण झाली, त्याच मार्गाच्या वारशावर पाण्याची गाडी धावली. बालाघाटातील दऱ्या आणि त्यांतील वनाच्छादन हे मांजरा-तेरणा खोऱ्यांच्या जलसंधारणाशी निगडित आहेत. पाणी भेटण्याची जागा म्हणून लोककथेने दरीकडे पाहिले. तिचे हेच मूळ महत्त्व २०१६ च्या टंचाईने नव्याने अधोरेखित केले.

८. वाघाची वाट

अलीकडील दोन घटनांनी या दोन दऱ्यांना अनपेक्षितपणे जोडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये बाहेर पडलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक नर वाघ आदिलाबाद, नांदेड, हिंगोली अशा अनेक जिल्ह्यांतून सुमारे तेराशे किलोमीटर भटकून बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरमधीलच दुसरा एक वाघ येडशी रामलिंग घाट परिसरात स्वयंचलित कॅमेऱ्यात आढळला. त्याने कापलेले अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास मानले जाते. त्याला पकडून अन्यत्र हलविण्याचे प्रयत्नही वनखात्याने केले.

वन्यप्राण्यांची ये-जा नदीकाठ, ओढे, गायरान आणि डोंगरउतार यांच्या आधाराने होते. कागदावर तुटक दिसणारी वने प्राण्यांच्या दृष्टीने अजून पूर्णपणे तुटलेली नाहीत, असे हे प्रवास दर्शवितात. त्याचबरोबर शेतकरी आणि गुराखी यांच्या मनात निर्माण झालेली भीतीही खरी आहे. पशुधनाच्या हानीची भरपाई वेळेवर मिळणे आणि अफवांना आळा बसणे या गोष्टी अशा वेळी पर्यटनाच्या जाहिरातीपेक्षा अधिक निकडीच्या असतात.

९. अभ्याससहलीच्या नियोजनासाठी सूत्रे

१९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाल्यानंतर नदी, वन, डोंगर अशा स्थानिक परिसराच्या प्रत्यक्ष पाहणीला अभ्यासक्रमात स्थान मिळाले. त्यामुळे या दऱ्यांकडे जाणाऱ्या महाविद्यालयीन सहली हे आजच्या काळातील यात्रेचे नवे रूप ठरू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात महाविद्यालयीन सहलीतील चौदा विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पाण्याजवळच्या सहलीचे नियोजन ही औपचारिकता नसून जीवितरक्षणाचा विषय आहे, याचे ते दुःखद स्मरण होय. वरील विवेचनातील चार घटकांच्या आधारे पुढील सूत्रे मांडता येतील.

काळ : सहस्रकुंडाचे दर्शन पावसाळा व त्यानंतरच्या काही आठवड्यांत सार्थ ठरते. निघण्यापूर्वी इसापूर धरणातील साठा व विसर्ग यांची चौकशी करणे आवश्यक आहे. पात्रातील खडकावर उतरणे सर्वथा टाळावे. रामलिंग येथे श्रावण सोमवारची गर्दी वगळून इतर दिवस निवडल्यास अभ्यासाला वाव मिळतो आणि दरीवरील ताणही कमी होतो.

वाट : नांदेड-भोकर-हिमायतनगर-इस्लापूर हा मार्ग लोहमार्गाच्या जवळून जातो. शक्य तेथे रेल्वेचा उपयोग केल्यास प्रदेशाचे बदलते रूप, म्हणजे सपाट शेतीपासून सागवनापर्यंतचा पालट, विद्यार्थ्यांना सलग पाहता येतो. लातूर-येडशी प्रवासात जुन्या अरुंदमापी रेल्वेचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊ शकतो.

मुक्काम : सहस्रकुंड, उनकेश्वर आणि माहूर ही स्थळे एका दिवसात उरकण्याऐवजी किनवट किंवा माहूर येथे एक रात्र राहावे. माहूरचा किल्ला, पांडवलेणी म्हणून ओळखली जाणारी शिल्पकाम असलेली लेणी आणि मठपरंपरा यांना त्यामुळे न्याय मिळेल. मुक्कामाचा खर्च स्थानिकांच्या हाती पडेल, हाही त्याचा लाभ आहे.

मान्यता : अभयारण्याच्या हद्दीत जाण्यासाठी वनाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी. सहस्रकुंडाचे दोन काठ दोन जिल्ह्यांत असल्याने कोणत्या काठावर जावयाचे हे आधी निश्चित करावे. वस्तीला भेट देताना ग्रामसभा व स्थानिक कार्यकर्ते यांची संमती घ्यावी. माणसे ही प्रेक्षणीय वस्तू नव्हेत, हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच सांगितले जावे.

निष्कर्ष

१) सहस्रकुंड आणि रामलिंग घाट या दऱ्या प्रथम पाण्याची व श्रद्धेची स्थाने होत्या. निसर्गसौंदर्याचे स्थळ ही त्यांची ओळख रेल्वे, रस्ते व राज्यपुनर्रचना यांनंतर दृढ झाली.

२) पारंपरिक यात्रेत काळ, वाट, मुक्काम आणि मान्यता हे घटक परस्परावलंबी होते. आधुनिक काळात वाट सुलभ झाली, मुक्काम संपुष्टात आला, काळ अंशतः धरणाच्या दरवाजांकडे गेला आणि मान्यता समाजाकडून शासनाकडे आली.

३) १९७२ च्या कायद्याने यात्रेकरूचे रूपांतर पर्यटकात केले. जुने सामाजिक बंधन शिथिल झाले असताना नवे कायदेशीर बंधन नागरी सवयीत रूपांतरित झालेले नाही. आजच्या बहुतेक समस्यांचे मूळ या अंतरात आहे.

४) राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नसणे ही मराठवाड्याची उणीवच आहे असे मानण्याचे कारण नाही. रहिवासी, देवस्थान आणि वन्यजीव यांना एकत्र सामावून घेणारे अभयारण्य नीट सांभाळले गेल्यास ते या प्रदेशाच्या इतिहासाशी अधिक सुसंगत ठरेल.

जुन्या यात्रेतील जातिभेद आणि अज्ञान यांचा त्याग करावा. परंतु ठरावीक काळी जाणे, वाटेवर थांबणे आणि परक्या भूमीत संयमाने वागणे या तिच्या शिस्तीचा स्वीकार करावा. नव्या पर्यटनाला याच शिस्तीची आज सर्वाधिक गरज आहे. ती रुजविण्याचे काम कायद्याइतकेच महाविद्यालयांच्या हाती आहे.